ताईची दोन हातांची शिस्त

ताई बस चालवते. हे सांगितलं की लोक आधी तिच्या तोंडाकडे बघतात आणि मग तिच्या हातांकडे. हात आहेतच बघण्यासारखे. रुंद, ठाम, तळव्यावर स्टिअरिंगनं पाडलेले घट्टे. पहाटे डेपोत बस सुरू करण्याआधी ती डोळे मिटून देवाचं नाव घेते, "आज कुणाच्या घरच्या माणसाला माझ्या हातून धक्का लागू देऊ नकोस," एवढंच मागते आणि दोन्ही हात चाकावर ठेवते. ते उचलते शेवटच्या थांब्यावर. मधे कपाळावर माशी बसली तरी ताई नुसती भुवई उडवून तिला हाकलते, असं डेपोतले लोक सांगतात, आणि ताई ते खोटं आहे असं काही म्हणत नाही.

घरात तिला सगळे ताईच म्हणतात, कारण ती जन्मापासून थोरली. म्हणजे अगदी जन्मापासून नाही, चार वर्षांची झाली तेव्हापासून. तेव्हा आईला जुळं झालं, एक भाऊ आणि एक बहीण. घरात हातांची चणचण, म्हणून ताईला 'थोडे दिवस' आजीकडे ठेवलं. थोडे दिवस म्हणता म्हणता ती तिथेच शाळेत जाऊ लागली. आजीनं जीव लावला, कशाची उणीव ठेवली नाही. पण परत आली तेव्हा जुळी चालत होती, बोलत होती, आणि या कोण पाहुण्या म्हणून तिच्याकडे बघत होती. ताई हे हसत सांगते. सांगताना आवाज कुठे अडखळत नाही. मात्र सांगायचं थांबवतही नाही.

भाऊ पुढे नोकरीसाठी लांब गेला. धाकटी याच शहरात राहिली, आणि देवाची करणी अशी की तिलाही दुसऱ्या खेपेला जुळंच झालं. पहिली लेक चार वर्षांची. गालात काहीतरी कोंबून घरभर सुरसुर पळायची म्हणून तिचं नाव पडलं खारू.

"देवानं दिलं ते डोक्यावर," जुळ्यांना बघून ताई म्हणाली, "पण जुळी द्यायची तर सोबत आईला आणखी दोन हात द्यायचे. एवढा मोठा कारभार बघणारा, आणि हे कसं सुचलं नाही, विचारणार आहे मी त्याला."

देवाशी तिचं असंच बोलणं असतं, घरातल्या वडीलधाऱ्याशी हक्कानं बोलावं तसं. आणि वरून हात आले नाहीत म्हणून साठवलेली सगळी रजा काढून ती स्वतःच धाकटीकडे जाऊन राहिली.

दुपटी, बाटल्या, आंघोळी, सगळं ताईनं वेळापत्रकावर आणलं. रडणाऱ्या बाळाला ती "थांबा, पुढच्या थांब्यावर उतरवते," म्हणायची आणि खरंच ते गप्प व्हायचं. अडलं ते एका ठिकाणी. घराबाहेर.

धाकटीला एका शेजारणीनं जुळ्यांची जुनी बाबागाडी वापरायला दिली होती. दोन छत्र्या एकमेकींना बांधाव्यात तशी, हलकी, मागे दोन वेगवेगळ्या मुठी. पहिल्याच दिवशी ताईनं धाकटीला ती कशी चालवायची याचं रीतसर शिक्षण दिलं. "दोन्ही हात मुठीवर. फोन वाजला, वाजू दे. केस तोंडावर आले, येऊ देत. एक हात सुटला की गाडी तिरकी गेलीच म्हणून समज. आत दोन जीव आहेत." धाकटी लहानपणापासून ताईचं ऐकत आलेली. तिनं ऐकलं.

आणि त्याच आठवड्यापासून खारू रस्त्यात बसायला लागली.

शाळेत जाताना घरापासून पेटीवाल्याच्या दुकानापर्यंत नीट चालायची. तिथे कोपऱ्यावर आली की फतकल मारून खालीच बसायची. रडणं नाही, हट्ट नाही, काही मागणं नाही. नुसती बसायची. ताईनं उठवलं तर अंग सैल सोडायची. गाडी सोडून धाकटी तिला उचलायला आली की तेवढ्यापुरती उठायची, आणि धाकटीनं पुन्हा मुठी धरल्या की चार पावलांवर परत खाली. येणारे जाणारे सल्ले देऊन जायचे. एक आजोबा म्हणाले, "मत्सर आहे हो. बाळं गाडीत आणि ही पायी, राग येणारच." ताईला ते अगदी पटलं. तिच्या मनातलंच बोलले होते ते.

खारूचे बाबा, म्हणजे घरचे जावईबापू, छापखान्यात पाळीवर. सकाळी ते घरी नसत. ताईची रजा त्या रविवारी संपत होती. त्यानंतर तिन्ही मुलांना घेऊन धाकटीला एकटीला बाहेर पडता आलं नाही, तर खारूची शाळा बंद आणि धाकटीही घरात कोंडलेली. हे सगळं फोनवर सासूबाईंच्या कानावर गेलं. बाई मनानं चांगल्या. दुसऱ्या गावी एकट्या राहत, गुडघ्यांनी बेजार. त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेला तुमची लिफ्ट बंद होती. मला जिने चढवत नाहीत गं. खारूला पाठव माझ्याकडे थोडे दिवस. इथेही शाळा आहे. जुळी जरा चालती झाली की ने परत."

धाकटीनं फोन ठेवला आणि ताईकडे बघितलं.

"थोडे दिवस," ताई म्हणाली. तिच्या कपाळावरची शीर अशी टरारून आली की जावईबापू हातातला चहा घेऊन बाल्कनीत गेले.

रात्रीच्या जेवणाला ताईनं निकाल सांगितला. "खारू कुठेही जाणार नाही. नवी गाडी घ्यायची. तीन जागांची. दोन खाली, एक वर. पोरीला पाय दुखतात, मन दुखतं, काय दुखतं ते दुखतं, तिला बसायला हक्काची जागा हवी. मला कुणी दिली नाही, हिला मी देणार."

"ताई, तीन जागांची म्हणजे मालगाडी होईल," जावईबापू चाचरत म्हणाले. "लिफ्टचा दरवाजा बघितलात ना तुम्ही? पुढे-मागे बसायची असते, तीच बरी. अरुंद. सरळ आत जाईल."

"लिफ्टसाठी गाडी घ्यायची की लेकरांसाठी?"

"तसं नाही, पण गाडी लिफ्टबाहेर आणि लेकरं घरात, असं झालं तर..."

"बापू, मी तेवढी लांबलचक बस गल्लीतून मागे घेते. मला दरवाज्यांची भीती घालू नका."

तरी दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी तिनं गुपचूप एक सुतळी घेतली, लिफ्टच्या दाराला आडवी लावली आणि गाठ मारून पिशवीत टाकली.

बापूंची सुट्टी होती. जुळी त्यांच्या हवाली करून ताई, धाकटी आणि खारू निघाल्या. गाडी नाही, बाळं नाहीत. खारूनं आईचा हात धरला आणि वाटेत कुठेही न बसता, फरशीच्या रेषांवर पाय न पडू देता, उड्या मारत बाबागाड्यांच्या दुकानापर्यंत आली. पेटीवाल्याचा कोपरा कधी मागे पडला तेही तिला कळलं नाही.

"बघ," ताई धाकटीला म्हणाली, "दुकानात जायचं म्हटल्यावर कसे पाय फुटले. नवी गाडी मिळणार हे समजलंय तिला. पोरं फार हुशार असतात."

बाबागाड्यांचं ते दुकान लांबट आणि निमुळतं होतं. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधे वाट, टोकाला डायपरच्या गठ्ठ्यांचा मनोरा. दुकानातल्या बाईंचा चष्मा दोरीनं गळ्यात लोंबत होता आणि गिऱ्हाईक पारखायची त्यांची नजर त्या चष्म्याहून जुनी होती.

"जुळ्यांसाठी? किती महिन्यांची?"

"दोनाची."

"मग पाठ पूर्ण सपाट झोपवता येणारीच बघा. नुसती बसायची गाडी इतक्यात चालणार नाही. मान धरत नाहीत अजून."

"ते आम्हाला माहीत आहे," ताई म्हणाली. शेजारणीच्या गाडीत पाठ जेमतेम कलते हे तिला मुळीच पटलेलं नव्हतं. "आणि मोठीसाठी जागा हवी. आधी ती दाखवा."

बाईंनी तीन जागांची गाडी ओढत बाहेर आणली. पुढे-मागे दोन पाळणे, त्यांच्या वर मोठ्या मुलासाठी एक खुर्ची. ताईनं तिच्याभोवती एक फेरी मारली, डेपोत बस ताब्यात घेण्यापूर्वी मारते तशीच. वाकून चाकं बघितली, लाथेनं ब्रेक लावला, काढला, पुन्हा लावला. मग दोन्ही पाळण्यांत कपड्यांच्या साबणाचे पुडे भरायला लावले. "रिकाम्या बसवर कुणीही चालक होतं. भरलेली चालवून बघायची."

"तुम्ही बस चालवता?" बाईंनी विचारलं.

"कशावरून ओळखलंत?"

"इथे सगळे आधी कापडाचा रंग बघतात."

ताई खूश झाली. तिनं खारूला उचललं आणि वरच्या खुर्चीवर ठेवलं. खारू फळीसारखी ताठ झाली. गुडघे वाकेनात. ताईनं गोडीगुलाबीनं घेऊन बघितलं, राणीची जागा म्हणून सांगितलं, वरून सगळं दिसतं म्हणून आमिष दाखवलं. खारू खुर्चीवरून घसरली, खाली उतरली आणि आईपाशी जाऊन उभी राहिली.

"लाजतेय," ताई म्हणाली. "उभं राहायची फळी असते ना मागे, ती लावा."

दुसऱ्या गाडीला मागे फळी लावली. खारू त्यावर चढली खरी, पण पाठ रस्त्याला आणि तोंड आईकडे करून. आता गाडी ढकलायची तर धाकटीच्या हनुवटीखाली खारूचं डोकं. धाकटी दोन पावलं चालली. पोरीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत आईच्या उजव्या हाताची करंगळी दांड्यावरून सोडवली. धाकटीनं ती परत ठेवली. खारूनं अंगठी असलेलं बोट सोडवलं. मग मधलं.

"खारू, नको. गाडी तिरकी जाते."

मग एकदम सगळा हातच ओढला. साबणाच्या पुड्यांनी जड झालेली गाडी गर्रकन फिरली, नाक डायपरच्या मनोऱ्यात घुसलं आणि आख्खा मनोरा धडाधड वाटेवर आला. बाई चष्मा सावरत धावल्या. ताईनं झडप घालून दांडा धरला आणि ब्रेक मारला.

धाकटीचा इतक्या दिवसांचा शीण एका क्षणात तोंडावर आला. "काय लावलंय हे खारू? आत बाळं असती म्हणजे? शहाण्यासारखं वागायला काय होतं तुला? मोठी ना तू आता?"

खारू डायपरच्या गठ्ठ्यांमधे उभी होती. रडली नाही. तिनं आपला डावा हात वर केला आणि उलटासुलटा करून बघितला, जणू ती वस्तू तिला कुणीतरी सांभाळायला दिली होती.

"मग हा कुठे ठेवू?" तिनं विचारलं.

दुकानातल्या बाई गठ्ठे उचलत होत्या, त्या वाकलेल्या तशाच थांबल्या.

ताईनं आधी खारूकडे बघितलं, मग दांड्यावर घट्ट आवळलेल्या आपल्या दोन हातांकडे. पेटीवाल्याचा कोपरा तिच्या डोळ्यांसमोर आला. कोपऱ्यापर्यंत पदपथाला कठडा आहे. खारू तो धरून चालते. कठडा संपतो तिथे पोर खाली बसते, कारण तिथून पुढे आईचा हात लागतो आणि आईचे दोन्ही हात मुठींवर असतात. ठेवले कुणी? ताईनं. कशासाठी? गाडी तिरकी जाऊ नये म्हणून. आणि चार वर्षांच्या पोरीला बसायला जागा हवी आहे हेही ताईनं परस्परच ठरवलं. कुणी विचारलं होतं खारूला?

"देवा," ताई हळूच म्हणाली, "तू हात द्यायला विसरला नव्हतास रे. मीच ते बांधून ठेवले." मग ती मोकळ्या आवाजात म्हणाली, "बाई, ह्या दोन्ही आत न्या. सगळ्या जुळ्यांच्या गाड्या पुन्हा काढा. जागा वगैरे काही नको. एका हातानं सरळ चालणारी हवी."

"एका हातानं?" धाकटी म्हणाली. "तूच तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते. चुकले. बसला चाक पुढे असतं आणि माणसं मागे बसतात. आपलं माणूस शेजारून चालतंय हे माझ्या हिशेबातच नव्हतं. उभी काय राहिलीस, तुझा उजवा हात पाठीमागे घे."

मग त्या निमुळत्या दुकानात जी काही मिरवणूक निघाली ती बाईंनी आयुष्यात बघितली नसेल. धाकटी एक हात पाठीशी धरून गाड्या ढकलतेय, खारू त्या हाताला लोंबकळतेय, आणि ताई पुढे उलट्या पावलांनी चालत "या, या, येऊ द्या, डावीकडे, बस्स," करतेय. दोन मुठींची छत्रीवाली पहिल्याच वळणावर स्वतःभोवती फिरली. पुढे-मागे पाळण्यांची सरळ चालली, पण वळवताना तिचं नाक जड पडलं आणि ती दारुड्यासारखी भिंतीशी बोलायला गेली. बापूंची आवड तिथेच निकालात निघाली. एक शेजारी-शेजारी पाळण्यांची होती, तिची पुढची चाकं इतकी चिमुकली की उंबरठ्याच्या पट्टीवर अडून बसली.

शेवटी बाईंनी स्वतः होऊन मागून एक ओढली. दिसायला साधी, करड्या कापडाची. शेजारी-शेजारी दोन सपाट पाळणे, मोठी चाकं, आणि मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग दांडा. साबणाचे पुडे भरले. धाकटीनं दांड्याच्या मधोमध एक हात ठेवला आणि चालली. गाडी तिच्यापुढे निघाली, ओळखीच्या वाटेनं निघाल्यासारखी. वळणावर वळली. पट्टीवरून हलकेच उतरली. खारू आईच्या दुसऱ्या हाताशी होती आणि तिचं गाडीकडे लक्षसुद्धा नव्हतं. ती फरशीच्या रेषा चुकवत होती.

"मनगटाला पट्टा आहे," बाई म्हणाल्या. "हात सुटला तरी गाडी सुटत नाही. उतारावर तेवढा तो घालत जा."

"उतारावर नाही, कायम," ताई म्हणाली. शिस्त इतक्या लवकर मरत नसते. "आणि थांबलं की पायानं ब्रेक. एका सेकंदासाठी थांबलं तरी ब्रेक."

तिनं पिशवीतून सुतळी काढली, गाडीच्या चाकांना आडवी धरली. गाठ चाकाच्या बाहेर आली, पण नखाएवढीच.

बाईंनी मान हलवली. "जाईल. पण लिफ्टमधे शिरताना दोन्ही हात लावावे लागतील. सरळ धरल्याशिवाय घासेल."

धाकटीनं काळजीनं खारूकडे पाहिलं. ताई उकिडवी बसली आणि पोरीच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "खारूताई, लिफ्टमधे शिरताना आईचे दोन्ही हात गाडीला लागणार. तेवढ्यापुरते. तेव्हा तू तुझा हात कुठे ठेवशील?"

खारूनं विचार केला. "बटणावर."

"ठरलं?"

"पण मीच दाबणार. बाबांनी नाही."

"बाबांना विचारतंय कोण," ताई म्हणाली.

घरी बापूंनी गाडीला चारी बाजूंनी बघितलं, लिफ्टमधे घातली, काढली, पुन्हा घातली आणि, "मी म्हणतच होतो की जाईल," असं म्हणाले. ताईनं त्यांना तेवढं म्हणू दिलं. संध्याकाळी धाकटीनं सासूबाईंना फोन लावला. "आई, खारू इथेच राहील. तुमचा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे. तर तुम्हीच या. आता लिफ्ट सुरू आहे, जिने चढायचे नाहीत. हो, खरंच सांगते. आणि बटण खारूच दाबेल, आधीच सांगून ठेवते."

सोमवारी ताई कामावर रुजू झाली. तिनं नेहमीसारखे डोळे मिटले, नेहमीचं मागणं मागितलं, पण त्याला एक शेपूट जोडलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सकाळची गर्दी होती. शाळेजवळच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी ती आली आणि तिला लांबूनच करडी गाडी दिसली. ताईनं बस अलगद थांबवली, नेहमीपेक्षा जरा अलीकडेच.

धाकटीनं आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मनगटाला पट्टा होता. पायानं ब्रेक काढला आणि ती निघाली. एका हाताशी दोन पाळणे, दुसऱ्या हाताशी खारू. त्या रस्त्याच्या मधोमध आल्या तेव्हा ताईचा पाय आपसूक उचलला गेला. उतरावं, मधे उभं राहावं, दोन्ही बाजूंची वाहनं अडवावीत, एवढं तरी करावं, असं वाटलं. तिनं पाय परत ठेवला. तिथे तिची गरज नव्हती.

खारूनं बसकडे मान वर करूनही बघितलं नाही. आईशी तिचा काहीतरी कडाक्याचा वाद चालला होता. मोकळा हात हवेत नाचवत ती मुद्दा पटवून देत होती आणि पट्ट्यांवर नेमकी पांढऱ्यावरच पावलं टाकत होती. पलीकडे पोचल्यावर गाडी पदपथावर चढली, एका दमात.

"अहो, निघा की आता," मागून एक प्रवासी म्हणाला. "रस्ता मोकळा झाला."

"झाला खरा," ताई म्हणाली आणि तिनं बस पुढे काढली.